भाड्याचं घर : डिपॉझिट आणि आगाऊ भाडं देण्याआधी

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येणारी बहुतेक मुलं भाड्याचा आकडा विचारून येतात आणि पहिल्याच आठवड्यात पैसे कमी पडले म्हणून घरी फोन लावतात. वीस हजार भाड्याचं घर चावी हातात पडेपर्यंत लाखावर गेलेलं असतं. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. नव्या भाडेकरूंचे कागद माझ्यासमोरून जातात आणि घर सोडताना डिपॉझिटवरून जुंपते तेव्हा दोन्ही पक्ष आमच्याच ऑफिसात येऊन बसतात. त्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा घर घेतानाच्या चार-पाच दिवसांत असतं. म्हणून या लेखात त्या दिवसांबद्दल जास्त लिहिलंय, घर सोडण्याबद्दल कमी.

आधी पूर्ण आकडा काढा

पुण्यातल्या एखाद्या वन बीएचकेचं भाडं २०,००० रुपये धरू. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांचं मागतात, मुंबईत तीन ते सहा महिन्यांचं. तीन महिने धरले तर ६०,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, २०,०००. ब्रोकरमार्फत घर मिळालं तर त्याचं एक महिन्याचं भाडं, आणखी २०,०००. एजन्सी जीएसटी नोंदणी असलेली असेल तर त्यावर १८ टक्के वेगळे. अॅग्रीमेंटचा खर्च मालक-भाडेकरू निम्मा निम्मा करतात. टेम्पो, गादी, शेगडी, पहिला किराणा यातलं काहीच मी अजून धरलेलं नाही.

आगाऊ भाड्यात एक गोष्ट लोक विचारायलाच विसरतात. तुम्ही १८ तारखेला राहायला येणार असाल तर त्या महिन्याचं भाडं पूर्ण घ्यायचं की उरलेल्या दिवसांचं? उरलेल्या दिवसांचं घेणं हाच सरळ व्यवहार आहे आणि बहुतेक मालक तो मान्य करतात, पण आधी विचारलं तर. किंवा अॅग्रीमेंटच १८ तारखेपासून सुरू करायचं, म्हणजे महिना १८ ते १७ धरला जातो. दोन्ही चालतं. एक तारखेचं अॅग्रीमेंट आणि १८ ला चावी, हे मात्र चालवून घेऊ नका.

ब्रोकरलाही घर बघायच्या आधीच दोन प्रश्न विचारा: पैसे कधी द्यायचे आणि अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट नवं केलं तर पुन्हा द्यायचे का? पैसे अॅग्रीमेंट झाल्यावर द्यायचे, आधी नाही. दुसऱ्या प्रश्नाला काही ब्रोकर ‘अर्धा महिना’ म्हणतात. मालक तोच, भाडेकरू तोच, मग ब्रोकरने नक्की काय केलं, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

कायद्याने डिपॉझिटला मर्यादा आहे का?

‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असा मेसेज दर वर्षी फिरतो. त्यामागे आहे तो आदर्श भाडेकरार कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो जून २०२१ मध्ये मंजूर केला आणि त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा त्याप्रमाणे केला तरच त्याला जोर. तमिळनाडूच्या स्वतःच्या कायद्यात तीन महिन्यांची मर्यादा आहे. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चालतो आणि लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे आपण करतो त्या ठरावीक मुदतीच्या भाडेकराराच्या, डिपॉझिटला त्यात वरची मर्यादा नाही. त्यामुळे तो मेसेज मालकाला दाखवून उपयोग होत नाही. आकडा घासाघीस करूनच खाली येतो. घर महिनाभर रिकामं पडलं असेल, किंवा तुम्ही कुटुंबासह येत असाल आणि दोन-तीन वर्षं राहणार असाल, तर तीनचे दोन महिने सहज होतात.

टोकन देण्याआधी मालक कोण ते बघा

घर आवडलं की ब्रोकर म्हणतो, ‘आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात, टोकन टाका.’ टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायची रक्कम, द्यायला हरकत नाही. पाच-दहा हजार पुरतात, पण ते मालकाच्या खात्यात जायला हवेत, ब्रोकरच्या नव्हे. आणि पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर मालकाकडून एवढं लिहून घ्या: घर कोणतं, भाडं किती, डिपॉझिट किती, टोकन डिपॉझिटमध्ये वळतं होणार, आणि मालकाकडून नकार आला तर टोकन पूर्ण परत. तुमच्याकडून नकार आला तर किती कापणार हेही त्यातच.

मालक खरा आहे का हे बघायला गुप्तहेर लागत नाही. इंडेक्स टूची प्रत मागा. खरेदीखताची ती नोंद नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही शोधता येते. सोबत मिळकत कराची पावती, महावितरणचं चालू बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल. तिन्हींवर एकच नाव असलं पाहिजे. वीजबिल बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेलं असू शकतं, तेवढ्याने घाबरू नका, पण कारण विचारा. मालक परदेशी असेल आणि त्याचे भाऊ किंवा सासरे व्यवहार करत असतील तर कुलमुखत्यारपत्र बघा. त्यात भाड्याने देण्याचा आणि डिपॉझिट घेण्याचा अधिकार लिहिलेला हवा. सोपं म्हणजे, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन ‘या फ्लॅटचे मालक कोण?’ असं विचारा. आम्ही सांगतो.

घर न बघता पैसे पाठवू नका. लष्करात असल्याचं सांगून, ओळखपत्राचा फोटो पाठवून, ‘मी बाहेरगावी पोस्टिंगला आहे, सोसायटीच्या गेटपाससाठी थोडे पैसे टाका, घर बघताना परत मिळतील’ असं म्हणणारे भामटे घरांच्या जाहिरातींमध्ये वर्षानुवर्षं आहेत. घर बघायला पैसे लागत नाहीत. आणि पैसे ‘परत मिळवायला’ यूपीआय पिन कधीच टाकायचा नसतो. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

अॅग्रीमेंट : नोटरी नव्हे, नोंदणी

‘अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी करून टाकू, स्वस्तात पडेल.’ हे तुम्हाला कोणीतरी सांगणारच. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीतून सूट आहे, त्यावरून ही समजूत पसरली. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीच नसेल तर अटी काय होत्या याबद्दल वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोटरीचा आग्रह धरणाऱ्या मालकाला हे शेवटचं वाक्य शांतपणे ऐकवा. बहुतेक जण लगेच नोंदणीला तयार होतात.

आता खर्च. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, पण नुसत्या भाड्यावर नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, अशी बेरीज करून त्यावर. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००. साठ हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज २,२५,५०० आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ५६४ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीच्या पोर्टलचं हाताळणी शुल्क वेगळं. यापुढे नोंदणी करून देणारा एजंट जे मागतो ती त्याची घरी येण्याची मजुरी. ती द्या, पण किती देतोय हे कळून द्या.

नोंदणी घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो; मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची आधारवर ओळख पटते, फोटो निघतो, काही दिवसांत सही झालेली प्रत ईमेलवर येते. मालक वयस्कर असतील तर अंगठा उमटता उमटत नाही. मग टॉवेलला बोट पुसायचं, दुसरं बोट लावायचं, आजोबा जरा दाबून धरा, पुन्हा पहिलं बोट, आणि तोवर यंत्राचा लाल दिवा लुकलुकतोय. या गडबडीत मसुदा वाचायचा राहून जातो. म्हणून मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. अंगठा लावायच्या टेबलावर कोणी अटी बदलत नाही.

मसुद्यात कुठे थांबून वाचायचं

नाव, पत्ता, फ्लॅट नंबर हे बघालच. माझं म्हणणं, तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, डिपॉझिटचा आकडा. तुम्ही खरोखर जेवढे दिले तेवढेच लिहिलेले हवेत. ‘कागदावर तीस दाखवू, तीस रोख द्या’ असं सुचवलं तर नाही म्हणा. उद्या वाद झाला तर कागदावरचे तीसच तुमचे. रक्कम बँकेतून द्या आणि व्यवहार क्रमांक, तारीख, बँकेचं नाव कराराच्या मजकुरातच घाला.

दुसरं, परतीची अट. छापील मसुद्यात बहुधा असं असतं: ‘मुदत संपल्यावर नुकसानभरपाई व इतर देणी वजा करून अनामत रक्कम परत केली जाईल.’ वाचायला काही खटकत नाही. पण कधी परत? कोण ठरवणार नुकसान? ‘इतर’ म्हणजे काय? याच वाक्याची प्रत हातात घेऊन माणसं आमच्या ऑफिसात येतात. ते काढून असं काही घाला:

‘घराचा ताबा परत दिल्याच्या दिवशी मालक बिनव्याजी अनामत रक्कम भाडेकरूच्या बँक खात्यात जमा करतील. त्यातून फक्त थकीत भाडं, वीज व गॅसची थकीत बिलं, आणि सोबतच्या यादीतील वस्तूंचं नेहमीच्या वापरातील झीज वगळता झालेलं नुकसान वजा होईल. वजा केलेल्या प्रत्येक रकमेचं बिल किंवा पावती दिली जाईल.’

त्याच दिवशी शक्य नाही म्हणाले तर सात दिवस लिहा, पंधरा लिहा, पण आकडा लिहा. ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात जादा अटी टाकायची सोय असते; ‘सिस्टीममध्ये बदलत नाही’ हे एजंटचं आवडतं उत्तर आहे.

रंगाचं वेगळं बोला. घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. आधी ठरलं असेल आणि कागदावर असेल तर तो तुमचा सौदा. ठरलंच नसेल तर वर्षभरात भिंतीचा रंग थोडा उतरणं ही झीज आहे, नुकसान नाही. भिंतीत दहा खिळे ठोकले असतील तर गोष्ट वेगळी.

तिसरं, लॉक-इन आणि नोटीस. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर मध्येच सोडता येत नाही तो काळ. लॉक-इन सहा महिन्यांचा असेल आणि तिसऱ्या महिन्यात तुमची हैदराबादला बदली झाली, तर उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं मालक डिपॉझिटमधून मागू शकतो. आयटीत असाल तर लॉक-इन एक-दोन महिन्यांवर आणा, किंवा बदलीची सवलत लिहून घ्या. नोटीस दोघांनाही सारखी असावी. काही मसुद्यांत भाडेकरूला दोन महिने आणि मालकाला एक महिना असतो.

हेवी डिपॉझिट

मुंबईत हा प्रकार जुना आहे: भाडं नाही किंवा नावापुरतं, पण डिपॉझिट दहा-पंधरा लाख किंवा त्याहून जास्त. गावाकडची जमीन विकून आलेले पैसे आहेत, दर महिन्याचं भाडं वाचतं, रक्कम तर परत मिळणारच, असा हिशोब असतो. हिशोब चुकीचा नाही, धोका मात्र मोठा आहे. मालक हे पैसे तिजोरीत ठेवत नाही; त्यातून तो कर्ज फेडतो किंवा धंद्यात घालतो. परत द्यायची वेळ आली की नवा हेवी डिपॉझिटवाला मिळेपर्यंत थांबा म्हणतो. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. बँकेकडे घर गहाण असतं, तुमच्या डिपॉझिटला तसं काही तारण नसतं.

तरी घ्यायचंच असेल तर इंडेक्स टू शोधून घरावर बोजा आहे का बघा, सोसायटीकडे बँकेची गहाणाची नोंद आहे का विचारा, आणि रक्कम फक्त बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला प्राप्तिकर कायद्यानेच बंदी आहे. नोंदणी तर करायचीच. माझं स्वतःचं मत विचाराल तर, आयुष्यभराची पुंजी असेल तर करू नका.

भाड्यावरचा कर

महिन्याचं भाडं ५०,००० पेक्षा जास्त असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. नवख्या भाडेकरूला सहसा एवढं भाडं नसतं. पण मालक अनिवासी भारतीय असेल तर ही पन्नास हजारांची मर्यादा लागू नाही. भाडं कितीही असो, कर कापायची जबाबदारी तुमची, आणि दर ३० टक्क्यांच्या वर जातो. बाणेर-बालेवाडी, हिंजवडीकडे असे मालक पुष्कळ आहेत आणि भाडेकरूंना हे माहीत नसतं. मालक परदेशात असेल तर अॅग्रीमेंटआधी सीएला एक फोन करा.

ऑफिसात घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो अॅग्रीमेंट करतानाच घ्या. मार्चमध्ये मागितला की मालक फोन उचलत नाहीत.

चावी घेण्याचा दिवस

सामान आत यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. नुसता गोल फिरून नाही. बाथरूमच्या टाइल्सचे तडे, सिंकखालची ओल, खिडकीच्या जाळ्या, गिझर चालू करून, प्रत्येक पंखा लावून, मॉड्युलर किचनचा एकेक खण उघडून. वीज मीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो. गॅस पाइपलाइनचा असेल तर त्याच्या मीटरचाही. हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करा, ‘आज ताबा घेतला, घराची स्थिती सोबत’ एवढं लिहून. त्याने उत्तरात नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला तरी तारीख नोंदली गेली.

आधीची बिलं भरलेली आहेत का, हे ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अॅपवर दोन मिनिटांत कळतं; मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांपैकी ज्याची वीज असेल त्याच्याकडे. आधीच्या भाडेकरूचे चार हजार थकलेले असतील तर ते आजच मालकाच्या गळ्यात घाला.

सोसायटीत नोंदणीकृत अॅग्रीमेंटची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच द्यायची असते. पोलिसांना कळवण्याचं काम मालकाचं, ऑनलाइन होतं. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते मालकाचे. सरकारच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ‘सोसायटीने दुप्पट मेंटेनन्स लावलाय, तो तुम्ही द्या’ असं कोणी म्हटलं तर बिल दाखवायला सांगा. सामान आणताना लिफ्टचे म्हणून पैसे मागणाऱ्या सोसायट्याही आहेत. आमची नाही. मागितले तर पावती मागा.

अॅग्रीमेंट नवं करताना

भाडं पाच-दहा टक्के वाढतं, ते ठरवूनच घेतलेलं असतं. मात्र जुनं डिपॉझिट नव्या अॅग्रीमेंटमध्ये ‘आधीच मिळाले’ अशा शब्दांत, पहिल्या व्यवहार क्रमांकासह यायला हवं. मध्येच मालकाने घर विकलं तर नव्या मालकाकडून ‘डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी माझी’ असं लेखी घ्या, किंवा जुन्याकडून पैसे परत घेऊन नव्याशी नवा करार करा.

मुदत संपली आणि नवा करार न करता तसंच राहिलात तर बेसावध राहू नका. १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर घर न सोडणाऱ्या लायसन्सीकडून, म्हणजे भाडेकरूकडून, दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर रिकामं करून घेऊ शकतो.

घर सोडताना

नोटीस लेखी द्या, ईमेल किंवा व्हॉट्सअॅप चालेल. शेवटचे दोन महिने भाडं बंद करून ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणणारे भाडेकरू पुष्कळ. मालकाने आधीच्या भाडेकरूचे पैसे बुडवल्याचं तुम्हाला शेजाऱ्यांकडून पक्कं कळलं असेल तर तो मोह समजू शकतो, पण करारभंग तुमच्या बाजूने होतो. त्यापेक्षा महिनाभर आधी मालकाला घरी बोलवा, घर दाखवा, काय कापणार ते आत्ताच विचारा. पैसे आणायला त्यालाही वेळ मिळतो.

शेवटच्या दिवशी मीटरचे फोटो, रिकाम्या घराचा व्हिडिओ, बिलं भरल्याच्या पावत्या. चावी आणि पैसे एकाच बैठकीत. मालक म्हणाला ‘चावी वॉचमनकडे ठेवा, पैसे टाकतो’, तर एखाद दिवस थांबायची तयारी दाखवा, पण मुदत संपायच्या आत.

पैसे आलेच नाहीत तर पोलिस ‘दिवाणी बाब आहे’ म्हणतील, आणि ते बरोबर असतं. आधी तारीख घालून लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. बऱ्याच मालकांना नोटीस पुरते. त्यानेही नाही हललं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. ते समोरच्याला बोलावून तडजोडीचा प्रयत्न करतात. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यापुढे न्यायालय. पन्नास-साठ हजारांसाठी तिथवर जायचं का, हे तुमच्या वेळेवर आहे, पण गेलात तर नोंदणीकृत करार, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि पहिल्या दिवसाचा व्हिडिओ हेच वकील सर्वांत आधी मागतो.